वकिलाची फी कोण भरतं? आफ्रिकेतले मानवी हक्क आणि देणगीदार फाउंडेशनं

जमाखर्च

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही साडेतीन वर्षं जोहान्सबर्गला होतो. नवऱ्याची बदली, मुलगी पाच वर्षांची. मी सीए, पण तिथे माझ्याकडे नोकरीचा परवाना नव्हता. म्हणून आठवड्यातले दोन दिवस कायद्याची मदत देणाऱ्या एका छोट्या संस्थेत हिशेबाला हातभार लावायला जायचे, बिनपगारी. पहिल्याच दिवशी व्हाउचरची फाइल पुढ्यात आली. झेरॉक्सचं बिल, २,३१२ पानं. लिंपोपोहून आलेल्या तीन साक्षीदारांचं बसभाडं. त्यांच्या एका रात्रीच्या मुक्कामाचं बिल. एका आजीबाईंसाठी वेंडा भाषेचा दुभाषी, अर्धा दिवस. पाव, दूध, चहापत्ती. आणि फाइलच्या पुठ्ठ्यावर देणगी देणाऱ्या परदेशी फाउंडेशनचं नाव आणि ग्रँटचा नंबर.

'आफ्रिकेत लोकशाही आणि मानवी हक्कांसाठी फाउंडेशनं पैसा देतात' हे मी त्याआधी कितीदा तरी वाचलं होतं. तो पैसा जातो कुठे, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मग हा इतिहास शोधून वाचायचा नादच लागला.

त्यातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट सांगते. आर्थर चॅस्कलसन हे १९६३-६४ च्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांच्या बचावाला उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक. पुढे त्यांची वकिली उत्तम चालली होती. ती सोडून १९७९ मध्ये फेलिशिया केंट्रिज, जेफ बडलेंडर वगैरे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जोहान्सबर्गला लीगल रिसोर्सेस सेंटर काढलं. ज्याला वकील परवडत नाही त्याचा खटला फुकट लढवायचा, एवढंच काम. सुरुवातीचा पैसा अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशन, कार्नेगी कॉर्पोरेशन आणि रॉकफेलर ब्रदर्स फंड यांच्याकडून आला.

तेव्हा पासचा कायदा होता. काळ्या माणसाला परवान्याशिवाय शहरात ७२ तासांपेक्षा जास्त थांबायची मुभा नव्हती. थोडे अपवाद होते. त्यातला एक असा की एकाच मालकाकडे सलग १० वर्षं काम केलं असेल तर शहरात राहायचा हक्क मिळे. आता हा 'सलग' शब्द बघा. सरकारने १९६८ मध्ये नियम केला की बाहेरगावच्या कामगाराचा करार वर्षभराचाच असेल. वर्ष संपलं की त्याने आपल्या 'होमलँड'ला, म्हणजे सरकारने काळ्या लोकांसाठी नेमून दिलेल्या प्रदेशात, परत जायचं आणि तिथून नवा करार करून यायचं. म्हणजे माणूस त्याच मशीनवर वीस वर्षं उभा असला तरी कागदावर त्याची नोकरी दरवर्षी तुटलेली. आपल्याकडे २४० दिवस भरू नयेत म्हणून टेंपररी कामगाराला 'ब्रेक' देतात ना, अगदी तसंच. माझे वडील अशा ब्रेकवर सात वर्षं काढलेले गृहस्थ, त्यामुळे हे वाचताना मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

जर्मिस्टनच्या एका कारखान्यात काम करणारे मेहलोलो टॉम रिखोटो यांनी या नियमाला आव्हान दिलं. सेंटरने त्यांचा खटला लढवला आणि १९८३ मध्ये ब्लूमफाँटेनच्या अपील कोर्टाने निकाल दिला की वर्षाच्या सुट्टीने नोकरी तुटत नाही. एका माणसाचा खटला, पण त्या निकालाने असंख्य कामगारांना शहरात राहायचा हक्क दिला. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, पासचे कायदेच रद्द झाले. ते एकट्या कोर्टामुळे झाले नाहीत, रस्त्यावर माणसं मरत होती. पण रिखोटोंच्या खटल्यात वकिलांचा पगार, ऑफिसचं भाडं, झेरॉक्स कुणीतरी भरत होतं, आणि तो खर्च केला नसता तर तो खटला उभाच राहिला नसता असं मला हिशेब लिहिणारी बाई म्हणून वाटतं.

मंडेला राष्ट्राध्यक्ष झाल्यावर चॅस्कलसन नव्या घटना न्यायालयाचे पहिले अध्यक्ष झाले. ते न्यायालय आज जुन्या फोर्ट तुरुंगाच्या जागेवर उभं आहे. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली आणि तिच्याच विटा न्यायालयाच्या भिंतींना वापरल्या. त्या तुरुंगात गांधीजीही राहिलेत, मंडेलाही. मी मुलीला घेऊन गेले होते. ती विटांवर हात फिरवत राहिली. विटा नीट घासलेल्या नाहीत, कोपरे उडालेले आहेत, मुद्दाम तसंच ठेवलंय.

तर मला इथे बोलायचंय ते असं. असा पैसा बाहेरून येणं बरोबर का? आला तर कशावर खर्च व्हावा? तुमच्यापैकी कुणी आफ्रिकेत राहिलं असेल किंवा संस्थांमध्ये काम केलं असेल तर जरूर लिहा.

तात्या_मास्तर

ताई, लेख आवडला. इतिहास शिकवण्यात तीस वर्षं गेली, म्हणून एक जुनी नोंद जोडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या हक्कांच्या लढ्याला परदेशातून पहिली मोठी देणगी अमेरिकेतून नव्हे, मुंबईतून गेली असं म्हणायला हरकत नाही.

१९०९ मध्ये गांधींचा दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालचा सत्याग्रह पैशावाचून अडला होता. नामदार गोखल्यांनी इथे हाक दिली आणि सर रतन टाटांनी २५,००० रुपये पाठवले. पुढे आणखी देत गेले, एकूण सव्वा लाख. त्या काळचे सव्वा लाख! तुम्ही हिशेबाच्या बाई आहात म्हणून मुद्दाम सांगतो, १९१२ मध्ये गांधींनी टाटांना पत्र लिहून पैसा कसा खर्च झाला ते कळवलं. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांना सांभाळणं, सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठीचं टॉलस्टॉय फार्म चालवणं, असलेच खर्च. म्हणजे तुमच्या व्हाउचरच्या फाइलीचीच पणजी.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. १९१२ मध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले हिंदू बरेच होते. गांधींनी गोखल्यांना आग्रह केला की तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्तानीत भाषांतर करतो. गोखले हसले, पण बोलले. आणि मग थेट झांझिबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभेत ते मराठीतच बोलत राहिले. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं उपरणं त्यांनी जपून आणलं होतं, त्याला इस्त्री गांधींनी स्वतः केली. १९१३ चा मोठा मोर्चा निघाला तेव्हा गोखले मधुमेहाने अंथरुणाला खिळले होते, तरी पैसा गोळा करणं थांबवलं नाही. १९१५ मध्ये गेले.

अबोली

मास्तर, हे उपरण्याचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. वाचतेय.

सडाफटिंग

जमाखर्च, लिहिलंय छान, पण मला एक बाजू मांडायचीय आणि ती गंभीरपणे घ्यावी ही विनंती.

तुम्ही ज्या कार्नेगीचं नाव घेतलंत त्याच कार्नेगीच्या पैशाने दक्षिण आफ्रिकेत 'गरीब गोऱ्यांचा प्रश्न' अभ्यासायला आयोग नेमला गेला होता. १९३२ मध्ये पाच खंडांचा अहवाल आला. गोऱ्या गरिबांचं काय करायचं यावर पाच खंड, आणि देशात बहुसंख्य असलेली काळी माणसं त्यात प्रश्न म्हणून नाहीतच. असलीच तर गोऱ्यांच्या मजुरीला स्पर्धा म्हणून. १९३४ मध्ये किंबर्लीला या प्रश्नावर मोठी परिषद भरली, तिच्या आयोजनात हेन्ड्रिक फेरवूर्ट होते. पुढे हेच गृहस्थ पंतप्रधान झाले आणि वर्णभेदाची सगळी चौकट त्यांनी बांधली. आता सांगा, अमेरिकेतल्या एका धर्मादाय संस्थेने विचारलेल्या प्रश्नाने त्या देशाचं किती वाटोळं झालं?

माझा मुद्दा हेतूंबद्दल नाही. देणारा प्रामाणिक असू शकतो. पण कुठला प्रश्न महत्त्वाचा हे ज्याच्याकडे पैसा आहे तोच ठरवतो. निवडून आलेल्या सरकारला निदान पाच वर्षांनी घरी पाठवता येतं. फाउंडेशनच्या विश्वस्तांना कोण पाठवणार?

जमाखर्च

सडाफटिंग, गंभीरपणेच घेतेय. १९३२ चा अहवाल मीही वाचला, आणि ही गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती हे मान्य.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच कार्नेगीने पन्नास वर्षांनी दुसरी चौकशी केली. या वेळी सूत्रं केप टाउन विद्यापीठातल्या फ्रान्सिस विल्सन यांच्याकडे, आणि जोडीला माम्फेला राम्फेले, ज्यांना सरकारने हद्दपार करून एका दूरच्या गावात डांबलं होतं. १९८४ मध्ये केप टाउनला परिषद झाली तेव्हा तीनशेच्या आसपास निबंध आले. पाणी किती लांबून आणावं लागतं, जळणाला बाईचे किती तास जातात, खाणीतून परतलेल्या माणसाच्या छातीचं काय होतं. पैसा त्याच तिजोरीतला. फरक एवढाच पडला की प्रश्न तिथल्या माणसांनी विचारला.

म्हणून मला 'परदेशी की देशी' यापेक्षा प्रश्न कोण विचारतंय हे जास्त मोलाचं वाटतं. विश्वस्तांना घरी पाठवता येत नाही, हे मात्र तुमचं खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नैरोबीकर

मी बारा वर्षं केनियात आहे, औषधांच्या धंद्यात. सडाफटिंग यांचा मुद्दा इथे रोज ऐकू येतो, फक्त तो सरकारच्या तोंडून येतो.

जून २०२४ मध्ये इथली तरुण पोरं वित्त विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरली. पाव, सॅनिटरी पॅड, मोबाइलवरून पैसे पाठवणं, कशाकशावर कर येणार होता. २५ जूनला पोरं संसदेत घुसली, गोळीबार झाला, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयक मागे घेतलं. आणि जुलैमध्ये त्यांनी थेट फोर्ड फाउंडेशनचं नाव घेऊन आरोप केला की हिंसाचाराला यांचा पैसा आहे. फाउंडेशनने साफ नाकारलं.

मी त्या दिवसांत जे पाहिलं ते लिहितो. माझ्या दुकानातला पोरगा, वय २३, रोज संध्याकाळी फोनवर दोनशे-तीनशे शिलिंग पाठवायचा. कुणाच्या हॉस्पिटलच्या बिलाला, कुणाच्या मयताला. समाजमाध्यमांवर हाक दिली की एम-पेसावर पैसे जमायचे, आणि हिशेबाचा स्क्रीनशॉट सगळ्यांसमोर. जखमींसाठीच्या एका निधीत तर तीन कोटी शिलिंगांच्या आसपास जमले. इथे हरांबे ही जुनी पद्धत आहे, सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची. शाळा अशाच बांधल्या लोकांनी. तीच हरांबे फोनवर आली.

म्हणजे चळवळ काही फाउंडेशनच्या पैशावर उभी नव्हती. पण पोरांना पकडून नेल्यावर रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात जाणारे वकील, बेपत्ता झालेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, त्या वर्षानुवर्षं टिकल्या कशावर? तिथे देणग्या आहेत. त्या गोष्टी वर्गणीवर दहा वर्षं चालत नाहीत. वर्गणी लोक राग आला की देतात, आणि ठाण्यातला वकील मात्र राग निवल्यावरही लागतो.

खानदेशी_मुलगी

नैरोबीकर दादा, शेवटच्या वाक्याला शंभर अनुमोदनं.

मी धुळ्याकडे एका संस्थेत कामाला आहे. आफ्रिका पाहिली नाही. पण जमाखर्च ताईंची व्हाउचरची फाइल वाचून घरचं काहीतरी वाचल्यासारखं वाटलं. आम्ही आदिवासी पाड्यांवर वनहक्काचे दावे भरून देतो. एका मोठ्या देणगीदाराने आम्हाला तीन वर्षं पैसा दिला आणि मग पत्र आलं की आमची 'प्राथमिकता बदलली'. झालं. पाड्यावरचे दावे उपविभागीय समितीत अडकलेले. त्यांची प्राथमिकता कुठे बदलली होती? मी स्वतः सहा महिने निम्म्या पगारावर काढले, आणि माझ्याबरोबरचा कार्यकर्ता, पावरी आणि मावची दोन्ही बोलणारा, सुरतेला कारखान्यात गेला. तो आता परत येणार नाही.

कायद्याच्या बाजूने इथिओपियाचं उदाहरण आम्हाला एका कार्यशाळेत सांगितलं होतं, नंतर मी स्वतः शोधून वाचलं. २००९ मध्ये तिथे कायदा आला की ज्या संस्थेला १० टक्क्यांहून जास्त पैसा परदेशातून येतो तिने मानवी हक्क, लोकशाही, स्त्रियांचे अधिकार या विषयांवर काम करायचंच नाही. विहिरी खोदा, रोपं लावा, चालेल. हक्कांबद्दल बोलायचं तर देशातच पैसा गोळा करा. इतक्या गरीब देशात, जिथे सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला वर्गणी देणारा माणूसही घाबरतो, तिथे! प्राध्यापक मेस्फिन वोल्देमारियम यांनी १९९१ मध्ये उभी केलेली मानवी हक्क परिषद, देशातली सगळ्यात जुनी. तिची बँक खाती गोठवली, तिला बहुतेक शाखा बंद कराव्या लागल्या. महिला वकिलांची संघटना बाईला मारहाण झाली की फुकट खटला लढवायची, तिचंही काम आटलं.

हा कायदा २०१९ मध्ये बदलला. आणि त्या महिला वकील संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, मेआझा अशेनाफी, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्ष झाल्या. पण मधली दहा वर्षं गेली ती गेलीच. त्या दहा वर्षांत ज्या बाया मार खाऊन संघटनेच्या दारात आल्या असतील आणि दार बंद दिसलं असेल, त्यांचं काय?

आपल्याकडे २०२० ची एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, दुरुस्ती आली तेव्हा मला हेच आठवत होतं. परदेशी पैशाचं खातं दिल्लीतल्या एकाच शाखेत उघडायचं, प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर, आणि एका संस्थेने दुसऱ्या छोट्या संस्थेला तो पैसा द्यायचा नाही. वरवर सगळं हिशेबाच्या शिस्तीचं दिसतं. पण 'प्रशासकीय' म्हणजे बरंचसं माणसांचे पगार, ताई. हक्कांच्या कामात माणसंच असतात, तिथे सिमेंट नसतं दाखवायला.

जमाखर्च

खानदेशी_मुलगी, तुझी पोस्ट दोनदा वाचली. सीए म्हणून सांगते, 'ओव्हरहेड' (म्हणजे हाच प्रशासकीय खर्च) या शब्दाने जगभर फार नुकसान केलंय. रिखोटोंच्या खटल्याचं ताळेबंदात काय दिसेल? पगार, भाडं, स्टेशनरी. शंभर टक्के ओव्हरहेड. तीच सगळी मदत होती.

आणि पैसा संपण्याबद्दल. चक फीनी यांचं नाव काहींनी ऐकलं असेल, विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानांतून अब्जाधीश झालेला माणूस. सगळी मिळकत अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या फाउंडेशनच्या नावे करून स्वतः सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहिला, हातात स्वस्तातलं घड्याळ. जिवंतपणी सगळं देऊन टाकायचं असं ठरवलं आणि खरंच आठ अब्ज डॉलर देऊन २०२० मध्ये फाउंडेशन बंद केलं. २०२३ मध्ये वारला. माझ्या मनात या माणसाबद्दल आदर आहे.

दक्षिण आफ्रिकेत अटलांटिकने मानवी हक्कांच्या संस्थांना भरभरून दिलं. लीगल रिसोर्सेस सेंटरलाही. बंद करणार हे त्यांनी खूप आधी सांगितलं होतं, अचानक हात काढून घेतला नाही. जाताना फोर्ड आणि ओपन सोसायटी या फाउंडेशनांबरोबर मिळून घटनेच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांकरता वेगळा निधीही उभा केला. तरी पण मी होते त्या काळात प्रत्येक बैठकीत एकच विषय, अटलांटिक गेल्यावर काय. मोठं झाड पडल्यावर खालची रोपं उन्हात येतात तसं झालं होतं. आमच्या छोट्या संस्थेला त्यांचा पैसा थेट नव्हता, पण ज्यांना होता ते सगळे आता आमच्याच दोन-तीन देणगीदारांच्या दारात येऊन उभे राहिले.

सडाफटिंग, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. देणारे आफ्रिकेतलेच वाढले पाहिजेत. घानातल्या आक्रात २००० मध्ये तीन आफ्रिकी स्त्रियांनी आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड काढला. सेनेगलमधल्या डकारला ट्रस्टआफ्रिका आहे, फोर्डच्या पुढाकारातून जन्मलेली पण आता आफ्रिकी माणसं चालवतात ती. बाहेरचा पैसा त्यांच्याकडेही येतो. पण कुणाला द्यायचा हे आक्रात किंवा डकारमध्ये बसून ठरतं.

रेंज_नाही

आफ्रिकी देणगीदारांचा विषय निघालाच आहे तर मो इब्राहिम यांचं नाव कसं नाही आलं?

मी टेलिकॉममध्ये, झांबियात टॉवरच्या साइट्सवर चार वर्षं काढली. इब्राहिम सुदानचे, इंजिनियर. १९९८ मध्ये त्यांनी सेलटेल काढली, आफ्रिकेत मोबाइल आणायला. लाच द्यायची नाही हा कंपनीचा नियम होता, हे जुनी माणसं अजून सांगतात. २००५ मध्ये कंपनी ३.४ अब्ज डॉलरना कुवेतच्या कंपनीला विकली. तोच धंदा २०१० मध्ये भारती एअरटेलने घेतला, म्हणून माझ्यासारखे मराठी लोक तिकडे पोचले.

विकून आलेल्या पैशातून २००६ मध्ये त्यांनी फाउंडेशन काढलं. निवडून आलेला, घटनेप्रमाणे मुदत संपल्यावर खुर्ची सोडणारा आणि कारभार चांगला करणारा आफ्रिकी राष्ट्रप्रमुख असेल तर त्याला ५० लाख डॉलर, दहा वर्षांत वाटून. त्यानंतर आयुष्यभर दरवर्षी दोन लाख. पहिलं २००७ मध्ये मोझांबिकच्या शिसानोंना. मग बोट्सवानाचे मोगाय, केप व्हर्डचे पिरेस, नामिबियाचे पोहाम्बा, लायबेरियाच्या एलन जॉन्सन सर्लीफ. आणि कितीतरी वर्षं समितीने सांगितलं की यंदा पात्र माणूसच नाही, कुणालाच देत नाही. मला यातलं हेच जास्त भावतं. पुरस्कार न देण्याची हिंमत.

लोक म्हणतात, खुर्ची सोडायला पैसे कशाला द्यायचे? पण युरोपातला पंतप्रधान निवृत्त होतो तेव्हा त्याला भाषणं, कंपन्यांची संचालकपदं मिळतात. इथल्या माणसाला खुर्ची सोडली की काय, हा खरा प्रश्न असतो.

२०२० चं पारितोषिक नायजरच्या इसूफू यांना मिळालं. त्यांच्यानंतर बाझूम निवडून आले, त्या देशात पहिल्यांदाच एका निवडून आलेल्या माणसाने दुसऱ्या निवडून आलेल्या माणसाला सत्ता दिली. २६ जुलै २०२३ ला लष्कराने बाझूमना त्यांच्याच निवासात कोंडलं. माझा एक सहकारी तिथला होता, त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता.

तात्या_मास्तर

रेंज_नाही साहेब, नायजरचं वाचून वाईट वाटलं. पारितोषिक माणसाला देता येतं, बरॅकमधल्या शिपायाला नाही.

सडाफटिंग

जमाखर्च, खानदेशी_मुलगी, तुमच्या दोघींच्या पोस्ट वाचून माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. माझी हरकत आता अशी: मानवी हक्कांची एखादी संस्था ऐंशी टक्के एका देणगीदारावर उभी असेल तर ती त्या देणगीदाराविरुद्ध कधी बोलेल का? एक उदाहरण द्या जिथे फाउंडेशनच्या पैशाने लढलेला खटला सामान्य माणसाच्या थेट हाताला काहीतरी देऊन गेला, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात नाही, हातात.

जमाखर्च

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: क्वचितच बोलेल. ऐंशी टक्के एकाकडून असूच नयेत. आमच्या ऑडिटरने हेच लिहिलं होतं.

दुसऱ्याचं उदाहरण देते. नेव्हिरापीन. एचआयव्ही असलेल्या आईला कळा सुरू झाल्यावर एक गोळी आणि बाळाला जन्मानंतर तीन दिवसांच्या आत थोडे थेंब. बाळाला लागण व्हायची शक्यता बरीच कमी होते. कंपनी पाच वर्षं औषध फुकट द्यायला तयार होती. पण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोन, अशा १८ ठिकाणीच द्यायचं ठरवलं. बाकीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने डोळ्यांसमोर बाई बाळंत होताना पाहायची आणि गोळी द्यायची नाही. झॅकी अखमत यांच्या ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेनने सरकारला कोर्टात खेचलं, वकील लीगल रिसोर्सेस सेंटरचे. ५ जुलै २००२ ला घटना न्यायालयाने आदेश दिला की ही बंदी उठवा. तेच चॅस्कलसन तेव्हा सरन्यायाधीश होते.

आणि यात मुंबईही आहे. २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, दिवसाला एका डॉलरहून कमी. तोवर त्याला वर्षाला दहा हजारांच्या वर लागत.

आमच्या ऑफिसात चहा करणाऱ्या मावशी होत्या. त्यांची नात २००३ ची. एकदा मी हा खटला वाचत होते तर मागून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'ही आमची गोळी.' पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

सडाफटिंग

समजलं. धन्यवाद.

अबोली

इतके दिवस बहुतेक वाचतच होते, आज सविस्तर लिहिते. मी लेस्टरला राहते. आमच्या शेजारी एक इंग्रज आजी होत्या, निवृत्त शाळामास्तरीण. गेल्या त्या आता. त्यांनी शेवटच्या वर्षांत मला एक गोष्ट सांगितली होती, ती या धाग्यातच शोभेल.

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे कॅनन जॉन कॉलिन्स यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या राजकीय कैद्यांसाठी निधी उभा केला होता, डिफेन्स अँड एड. १९५६ च्या राजद्रोहाच्या खटल्यातल्या आरोपींना त्यांनीच मदत केली. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने त्या निधीवर बंदी घातली. मग त्यांनी सगळंच गुपचूप सुरू केलं. वकिलाची फी लंडनच्या प्रतिष्ठित सॉलिसिटरांच्या फर्ममधून जायची, 'आमच्या एका अशिलाला या खटल्यात रस आहे' असं सांगून. तिथल्या वकिलांनाही मूळ माहीत नसे. पैसा बराचसा स्वीडनच्या सरकारचा, काही संयुक्त राष्ट्रांच्या ट्रस्ट फंडातून, आणि तिथे वर्णभेदाविरुद्धचं काम पाहायला आपले ई. एस. रेड्डी बसलेले. बंदीच्या पंचवीस वर्षांत दहा कोटी पौंडांच्या आसपास रक्कम आत पोचवली. सरकारने क्रेग विल्यमसन नावाचा हेर जिनिव्हातल्या एका दुसऱ्या निधीत घुसवला होता, तो तिथे वरपर्यंत चढला. पण या निधीत त्याला शिरता आलं नाही.

कैद्यांच्या घरच्यांना पैसा मात्र साध्या बायकामाणसांच्या हातून जायचा. आजी त्यातल्या एक. त्यांना एक नाव आणि पत्ता मिळाला होता, केप प्रांतातल्या एका बाईचा. नवरा रॉबेन बेटावरच्या तुरुंगात. दर दोन महिन्यांनी आजींकडे पैसे यायचे, त्या पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायच्या आणि सोबत एक पत्र लिहायच्या. निधीचं नाव कधीही काढायचं नाही, राजकारण नाही. जणू ओळखीच्या बाईला लिहितोय तसं. हवा कशी आहे, बागेत काय फुललं, शाळेत काय झालं. तिकडून उत्तर यायचं. धाकट्याला बूट घेतले. सासू आजारी आहे. रेल्वेचं भाडं वाढलं म्हणून या वर्षी भेटीला जाता आलं नाही.

आलेलं उत्तर लंडनला पाठवून द्यायचं असा नियम होता. म्हणून आजींकडे त्यातलं एकही पत्र नव्हतं.

जमाखर्च

अबोली, आता शब्द सुचत नाहीत. एकच विचारते, आजींनी काही हिशेब ठेवला होता का?

अबोली

हो. खिशातली एक छोटी डायरी होती, मला दाखवली होती. तीन रकाने. तारीख, रक्कम, आणि तिसऱ्या रकान्यात उत्तर आलं की एक बरोबरची खूण. बहुतेक ओळींपुढे खूण आहे. १९७६ च्या हिवाळ्यात तीन ओळी सलग रिकाम्या आहेत, आणि चौथीपुढे खूण दोनदा केलेली.

निधी १९९१ मध्ये बंद झाला आणि कागदपत्रं केप टाउनच्या वेस्टर्न केप विद्यापीठात गेली. ती पत्रं तिथे असावीत. जमाखर्च ताई, तुम्ही पुन्हा कधी तिकडे जाणार असाल तर मला कळवा, मी तुम्हाला डायरीतल्या तारखा पाठवते.